दोरीच्या दुसऱ्या टोकाला नोरबू

लाहौल, सप्टेंबर

आदरणीय आबांना सप्रेम जयभीम.

मी ठणठणीत आहे, हे आधी सांगते. तुमचा गुडघा कसा आहे? ठाकुर्लीच्या पुलाचे जिने चढू नका, रिक्षा करा.

दगडासारखा बर्फ वाहतो कसा, असं तुम्ही विचारलेलंत. वरच्या वजनाने खालचा बर्फ घट्ट कणकेसारखा दबतो आणि हळूहळू सरकतो. मोजणीसाठी आम्ही हिमनदीवर आडव्या ओळीत रोवलेल्या काठ्यांपैकी मधल्या वर्षभरात बऱ्याच पुढे गेल्या, कडेच्या मागे राहिल्या. वरचा थर मात्र ताणला की फाटतो. उतारावर अशा खोल भेगा पडतात आणि ताज्या बर्फाखाली झाकल्या जातात.

परवा आमचा वाटाड्या नोरबू अशाच एका भेगेत गेला. माझ्यापुढे चालता चालता दिसेनासाच झाला. आम्ही दोघं एकाच दोरीला बांधलेलो होतो. मी पालथी पडले, बुटांचे खिळे बर्फात रुतवले आणि दोरी धरून राहिले. मागच्या लोकांनी येऊन त्याला ओढून काढलं. थोडं खरचटलंय, बाकी काही नाही. ती वाट आता आम्ही सोडली आहे.

वर आल्यावर तोच माझ्याजवळ बसला. "दीदी, छोड़ दो, मैं आ गया," म्हणत माझं एकेक बोट दोरीवरून सोडवत होता. मला ऐकू येत होतं, पण मूठ उघडत नव्हती.

संध्याकाळी दोघंही पोटभर जेवलो. आईला तेवढं आधी सांगा, मग बाकीचं.

तुमची लेक,
रुचिता