तोबूचा आवाज

शनिवार, ५ ऑगस्ट २०००

आज अण्णा माझ्याशी बोलले! थेट! मध्ये आईंना न घालता!

लग्नाला चार महिने झाले. सासरे म्हणून वाईट अजिबात नाहीत. पण आजवर सगळं 'तिला सांग, चहा गोड झालाय' असंच. मी समोर उभी असले तरी! सकाळी रामकुंडावर यजमानांचे विधी. दुपारी बाहेरच्या खोलीत गादीवर बसून वंशावळी — कोणाचे पणजोबा कधी नाशिकला येऊन गेले, ते वहीतून सांगायचं, नवीन नावं नोंदवायची. घरात शब्द मोजके. मी तर धसकाच घेतला होता.

संध्याकाळी सातला मेथी निवडत होते, आणि बाहेरून ती धून! 'तारापथ'ची! शाळेत असताना दर रविवारी दूरदर्शनवर बघायचे, हिंदीत डब केलेली. आता केबलवर तिची पुढची मालिका लागते — 'तारापथ : नई सीमा'. जुड्या टाकून धावले. अण्णा टीव्हीपासून दोन हातांवर पाट टाकून बसलेले.

नवा कॅप्टन दाल्को सांगत होता, जुना कॅप्टन ओरिन कृष्णविवरात मेला. माझ्या तोंडून गेलंच — "खोटं! त्याचा देह कुठे सापडला होता?"

अण्णा वळले. "कोण? मृण्मयी? तू बघायचीस?"

"एकूण एक भाग."

"मग बस. देह नाही सापडला तर बारा वर्षं वाट बघायची असते. यांची अकराच झालीत. मेला कसं म्हणतात हे लोक?"

मी इतकी हसले! अण्णासुद्धा!

शनिवार, १२ ऑगस्ट

ओरिन मोठा की दाल्को — भाग संपला तरी भांडण चालूच.

अण्णा: "ओरिननं एकदा ठरवलं की ठरवलं." मी म्हटलं, त्या ठरवण्यापायी अर्धे खलाशी गमावले त्यानं. दाल्को सगळ्यांना विचारतो. "विचारतो, कारण त्याला स्वतःला कळत नाही!" अण्णा कडाडले. पण खुशीत!

केबलवाले गोरक्षभाऊ वायर बघायला आले होते. पेठकडचे, चांगले झुपकेदार मिशांचे. तेही खाली बसले. "लय इचारतो तो दाल्को. तवर यान फुटायचं."

आई स्वयंपाकघरातून: "पोळ्या गरम आहेत तोवर जेवून घ्या. मग फोडा यान."

शनिवार, १९ ऑगस्ट

नवं पात्र! तोबू. ओसाड चंद्रावर दिवा सांभाळणारा म्हातारा. यानांना वाट दाखवायची हे त्याचं काम, आणि हा बुवा मुद्दाम चुकीची दाखवतो. पांढरी दाढी, अर्धा चेहरा भाजलेला. त्यानं पहिलं वाक्य उच्चारलं मात्र — अण्णा ताडकन उभे! "ओरिन! अरे, हा ओरिन आहे!"

गोरक्षभाऊ म्हणाले, "अण्णा, आवाज तोच असनार ना! डबिंगवाला मानूस येकच हाय. मागल्या शनवारचा आचारीबी त्याच्याच आवाजात बोलला."

डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. अण्णा जरा दुखावले. "आवाज नाही रे. बोलण्याआधी श्वास घेतो ना, तो. माणसाचा श्वास बदलत नाही."

रविवार, २० ऑगस्ट

चहा देताना अण्णा हळूच म्हणाले, "ओरिनच्या बहिणीनं सुतक पाळलं नाही. लक्षात आलं का तुझ्या?" दिवसभर तेच डोक्यात!

शनिवार, ९ सप्टेंबर

तीन तट पडलेत. अण्णा — तोबू म्हणजे ओरिनच. गोरक्षभाऊ — तोबू यंत्रमानव आहे, ओरिनचा आवाज भरलेला. मी — तोबू हा ओरिनच्या यानावरून पळालेला खलाशी. स्वतः वाचला, म्हणून तोंड लपवून बसलाय.

आज अण्णांनी दोन्ही मालिकांतल्या सगळ्यांची वंशावळ सांगितली. मी कॅलेंडरच्या पाठीवर लिहून काढली. चार पिढ्या! कोणाची आत्या कोणत्या ग्रहावर दिली, सगळं तोंडपाठ. मला दहा वर्षांपूर्वीचं इतकं कुठलं आठवायला.

माझ्या नवऱ्यानं, आल्हादनं, ते बघितलं. "हे कुठले यजमान, अण्णा?" म्हणे!

मंगळवार, १९ सप्टेंबर

पितृपक्ष. घरात पाय ठेवायला जागा नाही. पिंपळगावचे धोंडीराम म्हणून यजमान, द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर. आजोबांचं नाव शोधायला आले आणि 'तारापथ'वर अर्धा तास बसले! त्यांच्या पॅकिंगच्या बायकांचं ठाम मत — तोबू बाई आहे. दाढी खोटी.

अण्णा नंतर कितीतरी वेळ एकटेच हसत होते.

शनिवार, ३० सप्टेंबर



आज ऐन रंगात आवाज गेला. चित्र स्वच्छ, पण आवाज नाही. गोरक्षभाऊंनी बटणं पिळली, वायर हलवली, काही नाही. तसंच बघत बसलो. दाल्को तोबूच्या झोपडीत शिरतो. दोघं काही बोलतात. मग तोबू सावकाश गळ्याचं बटण सोडतो, आत हात घालतो आणि कॅप्टनचा बिल्ला बाहेर काढतो. पडदाभर तो बिल्ला — ओरिनचा! तडा गेलेला, तोच!

मी किंचाळले. गोरक्षभाऊ मिशीवर हात ठेवून थिजले.

आणि अण्णा शांत. पडद्याकडे बघत. एवढ्याशा गोष्टीवर पाटावरून उठणारा माणूस — दीड महिना ज्याच्यावर आम्ही हसलो — त्याचं खरं ठरलं, तर मख्ख बसलेला. मग हळूच विचारलं, "काय गं? काय झालं?"

गोरक्षभाऊ ओरडले, "आवो अण्णा, तुमी जिकले! बिल्ला दावला त्यानं!"

"हो तर! म्हटलं नव्हतं मी?" असं म्हणून अण्णा हसले. उशिरा हसले.

रविवार, १ ऑक्टोबर

आई देवळात गेल्या तेव्हा विचारलं. "अण्णा, तुम्हाला दिसत नाही ना?"

अण्णांनी दाराकडचा कानोसा घेतला. मग म्हणाले, "उजव्यानं धुकं. डाव्यानं नुसता उजेड. मोतीबिंदू आहे. आल्हादला बोलू नकोस."

रामकुंडावर पायऱ्या पाठ आहेत, मंत्र पाठ आहेत. पण हे कळलं तर यजमान दुसऱ्या उपाध्यांकडे जातील. आणि ऑपरेशन? त्यांच्या वडिलांचा डोळा ऑपरेशननंतरच गेला होता, अठ्ठावन्न साली. तेव्हापासून धास्ती.

मी माठच! चार महिने मला वाटत होतं, ते माझ्याकडे बघत नाहीत.

"मग वह्या कोण लिहितं?" मी विचारलं.

अण्णांनी नुसती मान वळवली. स्वयंपाकघराकडे.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

आईंनी स्वतः कपाट उघडलं. गेल्या दोन वर्षांच्या नोंदी — घोटलेलं, टपोरं अक्षर. लोणच्याच्या बरण्यांवर आहे तेच!

यजमानांचं पत्र आलं की आई आदल्या दिवशी त्यांची पानं वाचून दाखवतात. अण्णा पाठ करतात. समोर वही उघडून बसायचं आणि वाचल्यासारखं म्हणायचं. कोणी अचानक आलं तर 'वह्या वर आहेत, उद्या या'. यजमान गेले की अण्णा सांगतात, आई लिहितात.

"कोणाला सांगितलं का नाही, आई?"

"काय सांगू? गादीची वही बाई लिहिते म्हणून? चुलतदिरांनी गावभर केलं असतं." मग जरा थांबून — "शाळेत अक्षराचं बक्षीस कधी चुकलं नाही माझं."

शनिवार, ७ ऑक्टोबर

दसरा. शेवटी अण्णा तयार झाले, आणि आल्हादला सांगितलं आम्ही तिघांनी. चिडला, मग रडवेला झाला. अंबडच्या कंपनीत त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाच्या वडिलांचं याच वर्षी झालंय ऑपरेशन. टाकेसुद्धा नाहीत, आठवड्यात पेपर वाचायला लागले. अण्णा ऐकेचनात. "पुढच्या वर्षी बघू."

मग मीच बोलले. कशी बोलले कोण जाणे. "अण्णा, तुमचं खरं ठरलं, आणि घरात सगळ्यात शेवटी ते तुम्हाला कळलं. मला नाही बघवलं ते."



"शेवटचा भाग कधी आहे?" अण्णांनी विचारलं.

"दोन डिसेंबर."

"बरं. आल्हाद, डॉक्टरांची वेळ घे."

शनिवार, १४ ऑक्टोबर

ओरिनच तोबू, हे ठरलं. पण असा कॅप्टन यानांना चुकीच्या वाटेला का लावतो? अण्णा म्हणतात, सूड. गोरक्षभाऊ अजून यंत्रमानवावर अडून — "बिघडलाय तो!" मी म्हणते, एकटेपणानं वेड लागलंय.

आई पीठ मळता मळता दारात आल्या. "वाट चुकवत नाहीये तो. पुढे काहीतरी आहे. तिकडे कोणी जाऊ नये म्हणून वळवतोय सगळ्यांना. दोन महिने ऐकतेय मी, इतकंही कळत नाही तुम्हाला?"

सगळे बघतच राहिलो! म्हणजे आई सगळे भाग ऐकत होत्या!

बुधवार, ८ नोव्हेंबर

झालं! उजवा डोळा. मी बाहेर बाकावर, आई नामस्मरण करत. अर्धा तासही लागला नाही. आल्हाद दोनदा चहा आणायला गेला आणि दोन्ही वेळा विसरून परत आला.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

पट्टी काढली. अण्णांनी आधी आईंकडे बघितलं. "केस किती पिकले गं तुझे!" आई म्हणाल्या, "डॉक्टर, परत बांधा ती."

मग माझ्याकडे वळले. नुसते बघत राहिले. मलाच नजर वर करवेना.

शनिवार, २ डिसेंबर

शेवटचा भाग. अण्णा पाट न घेता मागे खुर्चीवर! "हा दाल्को एवढा पोरगेला आहे? उगाच बोललो त्याला." गोरक्षभाऊ वेळेआधी हजर, सोबत पेठच्या नागलीचे पापड.

आईंचं खरं ठरलं! चंद्रापलीकडे तेच कृष्णविवर सरकत येत होतं. तोबू अकरा वर्षं सगळ्यांच्या शिव्या खात यानं वळवत होता. आम्ही टाळ्या वाजवल्या — टीव्हीला नाही, आईंना! त्या लाजून पापड तळायला पळाल्या.

गुरुवार, १४ डिसेंबर

देवासचे यजमान आले. अण्णांना आता बारीक अक्षरही दिसतं. तरी ते गादीवर बसले नाहीत. आईंचा हात धरून त्यांना बसवलं आणि यजमानांना म्हणाले, "नमस्कार यांना करा. लिहिणाऱ्या या आहेत."