कपाळाइतकं घट्ट

४ मार्च, सोमवार
मिळाली एकदाची सरांच्या प्रयोगशाळेत जागा! खिडकीजवळचं टेबल, कोरा पांढरा कोट आणि हसतमुख सर. याच हसऱ्या तोंडानं त्यांनी माझ्या ताईनं शोधलेलं पेशी वाढवायचं जेल स्वतःच्या नावावर खपवलं, आणि ती बोलली तर तिला वेडी ठरवून हाकललं. ताईनं अंथरूण धरलं ते उठलीच नाही. माझं आडनाव आता वेगळं, त्यामुळे सरांना पत्ता नाही. त्यांना रडवल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

शेजारच्या टेबलावर एकजण बसतो, मी त्याला बडबड्याच म्हणते. त्यानं काम समजावलं. जेल म्हणजे बहुतेक पाणीच. निळा प्रकाश द्यावा तितकं घट्ट होतं. मऊ जेलवर पेशी मऊ राहतात, घट्ट जेलवर हाडाच्या वळणावर जातात. यंत्रावर मोजण्याआधी उघड्या बोटानं दाबायचं, मग तेच बोट स्वतःच्या गालाला, नाकाच्या शेंड्याला, कपाळाला लावायचं. जे जुळेल ते त्या जेलचं नाव. ही रीत ताईनंच पाडली म्हणे. सरांना कवटीचं भोक बुजवायला 'कपाळ' हवंय.

७ मार्च
उबेच्या कपाटात एका बाटलीवर ताईचं अक्षर! आत तिच्याच दंडातल्या पेशी, तिनंच कामासाठी दिलेल्या. बडबड्या म्हणाला, त्या मरायचं नावच घेत नाहीत, सर अजून त्याच वापरतात. मेल्या माणसालाही राबवतोय हा! कपाटापाशीच रडू फुटलं. मग डोळे पुसले, 'ताई, आता तूच बघ याच्याकडे' म्हटलं आणि सरांच्या नव्या जेलवर त्या पेशी सोडल्या.

१२ मार्च
प्रकाश न देताच जेल घट्ट झालंय. सरांनी बोटानं दाबलं, बोट कपाळाला लावलं आणि उड्याच मारल्या. मीही दाबून, कपाळ चाचपून पाहिलं. कपाळ कसलं, दगड आहे नुसता.

१५ मार्च
सरांचं बोट उलटं वाकतंय. डॉक्टर म्हणे, आत हाडच उरलं नाही. जेल मात्र आणखी टणक. मला कळलं, हाड कुठं गेलं ते. शाब्बास, ताई! करावं तसं भरावं. आज पोटभर जेवले.

१८ मार्च
सर टोपी घालून आले. टोपी काढली. कपाळावर अंगठ्याएवढा खळगा, आणि तो धडधडत होता. माझ्या पाया पडले. म्हणाले, हे त्या वेडीचंच काम, माझ्या बोटांत जोर नाही, तिची बाटली तूच जाळून टाक. मी सांगितलं, मी तिची सख्खी बहीण. तोंड बघण्यासारखं झालं त्यांचं!
जाळू? ताईला? बाटली घरी आणली. आता कोण हात लावतो बघू.

२० मार्च
सर गेले. उशीवर डोकं टेकलं आणि— बडबड्याला पुढं सांगवेना.
मला हसू आलं. खरंच आलं.
लिहिताना बोट उलटं दुमडलं. जेलवर दाबलं होतं तेच.

२१
कपाळाला हात लावत नाही. लावणार नाही.
बाटली जाळायची. झाकण फिरत नाही, बोटांत जोरच— दातांनी पाहिलं. दात वाकले.

आपटली. फुटत नाही. आत पाणी नाही आता. पांढरं, टणक—

पेन मुठीत धरलंय. मूठ राहत नाही

ताई, मी आहे गं. धाकटी. सर गेले ना, झालं ना तुझं? मी तर तुझ्याच बाजू