संध्याकाळी घरी

आई,

तुझ्या पाठीचं ऑपरेशन सांगलीला झालं तेव्हा मी बारावीत होते. लोणंदच्या बाजारात कांदा निवडून निवडून तुझी कंबर गेली होती, डावा पाय बधिर व्हायचा. तेव्हाची रीतच अशी, की पाठ उघडली म्हणजे महिनाभर खाट सोडायची नाही. सांगलीतच विश्रामबागेत राहणारी मावशी डबा आणायची, तुझी वेणी घालायची. इकडे मी भाकऱ्या थापून वैतागलेली. एका रविवारी मी अण्णांबरोबर दवाखान्यात आले आणि आल्या आल्या विचारलं, कधी येणार घरी? तू छताकडे बघत हसलीस. म्हणालीस, "हितं मला कुणी हाक मारत न्हाई बघ." मला इतका राग आला, की निघताना तुझ्याशी बोललेही नाही. घरी आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी तू चुलीपुढे बसलेली होतीस.

पुढे मी मणक्याचीच सर्जन झाले. बोटाएवढ्या छेदातून सरकलेली चकती काढायची, दुपारी रुग्णाला चालवायचं आणि संध्याकाळी घरी पाठवायचं, हा एकच ध्यास. वरिष्ठ म्हणाले, पुण्यात ठीक आहे, इथं सांगलीत माणसं लांबच्या खेड्यांतून येतात, रस्ते असले, रात्री काही झालं तर? मी हट्टाला पेटले आणि करून दाखवलं. आता पुण्याचे डॉक्टर माझ्याकडे शिकायला येतात. भाषणात मी दर वेळी तुझी खाट सांगते. माझी आई महिनाभर अडकून पडली, म्हणून मी हे केलं, असं म्हणते. टाळ्या पडतात.

परवा कवठे महांकाळची एक बाई होती, तुझ्याच अंगलटीची. ऑपरेशन सुरेख झालं, दुपारी ती चाललीसुद्धा. नवरा भला माणूस, हात जोडून म्हणाला, "सांजच्याला घरी? लय भारी झालं. सकाळी म्हशीच्या धारंला हाय की मग ही." वाकायचं नाही, हे मी त्याला पुन्हा बजावलं. त्यानं मान हलवली आणि गाडी आणायला गेला. तेवढ्यात बाईनं माझा हात धरला. "म्याडम, चार दिस ठिवून घ्या की मला." मी म्हटलं, अहो, पाठ उत्तम आहे तुमची. ती म्हणाली, "पाठीचं न्हाई वो," आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

आई, मी तिथंच स्टुलावर बसले. तू का हसली होतीस ते इतक्या वर्षांनी कळलं. नवरा आला तेव्हा त्याला सांगितलं, हिचं बीपी खाली आलंय, चार दिवस ठेवावं लागेल. बीपी चांगलं होतं.

आता तू नाहीस, हे लिहून कुठं पाठवणार, ड्रॉवरमध्येच राहील. रुग्णाच्या नातेवाइकाशी मी पहिल्यांदाच खोटं बोलले, त्याचं मला काही वाटत नाही. तुझ्यासाठी असं खोटं बोलायला तेव्हा कुणी नव्हतं, याचं मात्र फार वाईट वाटतं.