माझी टोपी कोण आणणार?

५ फेब्रुवारी २०२५, बुधवार
योगेंद्र सोमवारी गेला. लिहून टाकलं एकदाचं. आता या विषयावर रडायचं नाही, असा ठराव. रडलोच तर बाथरूममध्ये, नळ सोडून. आमच्या पिंप्राळ्यात पाणी एक दिवसाआड येतं, म्हणजे रडणंही आपोआप निम्म्यावर येईल.
आज नेमकं पाणी नव्हतं.

त्याच दिवशी, दुपार
सोमवारी हॉस्पिटलच्या कागदावर माझी सही चालली नाही. रक्ताचा नातेवाईक लागतो म्हणे. त्याचे थोरले भाऊ, ज्ञानेश्वरभाऊ, गावाहून, सोनगीरहून येईपर्यंत तो तसाच पडून. रोजचा डबा मी आणायचो, पायाला तेल मी लावायचो, ते ठीक, त्याला सही लागत नाही. मग ॲम्ब्युलन्समध्ये जागा नव्हती. भाऊ म्हणाले, तुम्ही एसटीनं मागून या. बरोबरच आहे, गर्दीत मला मळमळतं. मी स्वतःहूनच मागे राहिलो असं म्हणायला हरकत नाही.
सोनगीरला पोचलो तेव्हा चिता अर्धी झाली होती.

६ फेब्रुवारी
ऑफिस. रजा मागितली. साहेबांनी विचारलं, कशासाठी? म्हणालो, रूम पार्टनर वारला. ते म्हणाले, अरेरे, आता दुसरा बघावा लागेल, एकट्याला भाडं जड जातं. साहेब मनाने चांगले आहेत. एक दिवसाची सीएल मिळाली.
दुसरा बघावा लागेल म्हणे!

७ फेब्रुवारी
झोप नाही. कोर्टाचा विचार करत पडलो. २०१८ मध्ये कोर्ट म्हणालं, तुम्ही गुन्हेगार नाही. आम्ही शेवभाजी केली होती, तिखट पडली. २०२३ मध्ये म्हणालं, लग्नाचं मात्र संसदेनं बघावं. म्हणजे गुन्हेगार नाही आणि नवराही नाही, मधलं काहीतरी. योगेंद्र म्हणाला होता, संसद बघेपर्यंत आपण म्हातारे होऊ. मी म्हणालो, होऊ की, घाई काय आहे? एवढं साधं काम, म्हातारं होणं, तेही जमलं नाही गाढवाला.

८ फेब्रुवारी
व्हॉट्सॲपवर मेसेज. तेराव्याची गंधमुक्ती शनिवारी, १५ तारखेला. मला पाठवला म्हणजे मी घरचाच. (ग्रुपवर आला. तरी.)
सुतक मी कडक पाळतोय. कपाळाला गंध नाही, दाढी नाही, गोड नाही. संध्याकाळी एक जिलबी खाल्ली. ती त्याच्या आवडीची, म्हणून मोजायची नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
मायचा फोन. माय म्हणजे भिकुबाई, योगेंद्रची आई. तिनं विचारलं, तुनाकडथून कोन येई रे भाऊ? म्हणजे तुझ्याकडून कोण येणार.
फोन ठेवल्यावर उडालोच. गंधमुक्तीला सुतकातल्या प्रत्येकासाठी त्याच्या त्याच्या सोयऱ्यांनी टोपी-टॉवेल आणायचा, टोपी घालायची, कपाळाला गंध लावायचं. मग सुतक सुटतं. आपल्या हातानं लावून घेता येत नाही. म्हणजे मायनं मला सुतकात धरलंय! कोर्टाला जमलं नाही ते या अडाणी बाईनं फोनवर केलं.
आता आणायचं कोणी? सोपं आहे. माझी अक्का, वृषाली, शिरपूरला. तिथून सोनगीर हायवेनं पाऊण तास. आई-नाना गेल्यापासून मला तीच आहे. तिला स्पष्ट कधी सांगितलं नाही, पण सांगायचं काय? एवढी वर्षं दोन माणसं एका बेडरूमच्या घरात राहतात, तिला काय दिसत नाही?
उद्या सकाळी पहिला फोन अक्काला.

१० फेब्रुवारी
फोन केला नाही. सोमवारी तिचं कपड्यांचं मशीन लागतं.

११ फेब्रुवारी
फोन केला नाही. रेंज नव्हती.
रेंज होती.

१२ फेब्रुवारी
केला! म्हणालो, अक्का, योगेंद्रच्या गंधमुक्तीला टोपी-टॉवेल घेऊन ये. ती म्हणाली, येऊ की, तुझा एवढा जुना मित्र. मी म्हणालो, नुसता मित्र नव्हता अक्का. मागे कुकर बोंबलत होता, तो तिनं बंद केला नाही. मग म्हणाली, माहीत आहे, भावासारखा होता. आणि आता तरी लग्नाचं मनावर घे, शिंदखेड्याकडचं एक स्थळ आहे, घटस्फोटित आहे पण स्वभावाला चांगली.
सगळं समजलं तिला. 'भावासारखा' हे दाजी शेजारी होते म्हणून. स्थळाचंही त्यांच्यासाठीच बोलली असणार.

१४ फेब्रुवारी
पांढरा शर्ट इस्त्री केला. कॉलर जळाली. योगेंद्रचा घातला, खांद्यात सैल होतो. उद्या रडायचं नाही. टोपी घालताना डोकं थोडं खाली करायचं, अक्का बुटकी आहे.

१५ फेब्रुवारी, सोनगीर स्टँड, दुपार
सकाळी अंगणात सतरंजीवर घरचे ओळीनं बसले. ज्ञानेश्वरभाऊ, त्यांची मुलं, चुलते. मी शेवटी बसलो. भाऊंनी पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, तर बायकांतून माय म्हणाली, बसू दे त्याले.
सोयरे येत गेले. एकेकाच्या डोक्यावर टोपी, कपाळाला गंध. अक्का आली, दाजीही. हातात पिशवी! मी ताठ बसलो. पिशवीतली टोपी दाजींनी ज्ञानेश्वरभाऊंना घातली, टॉवेल दिला. मग अक्का माझ्याकडे आली. हळूच म्हणाली, ऊठ, हे घरच्यांचं आहे, लोक बघतायत. मी म्हणालो, अक्का, माझी टोपी?
तिनं माझ्याकडे बघितलं. नीट, बराच वेळ. लहानपणी मला ताप आला की बघायची तशी. डोळे भरले तिचे. तिला खरंच सगळं समजलं होतं, बहुतेक कधीपासूनच. हे मी बरोबर लिहिलं होतं.
मग तिनं दाजींकडे बघितलं, आणि रिकाम्या पिशवीची घडी घालून ती बायकांत जाऊन बसली.
मी उठलो. पाहुण्यांच्या पंगतीत जेवलो. दाजींनी मला आग्रह करून बुंदी वाढली.

१६ फेब्रुवारी, रविवार
सोनगीरला सगळ्यांचं सुतक सुटलं.
सकाळी आरशासमोर वाटीत गंध उगाळून बसलो होतो. बोट कपाळापर्यंत नेलं. नाही लावलं. आपलं आपण लावायचं म्हणजे मला सुतक नव्हतंच म्हणायचं. तो माझा कोणीच नव्हता, असं आपल्याच हातानं कसं लिहू?
योगेंद्र, मला कोणी विचारलंच नाही रे, माझं कोण गेलं ते.