स्पिरिटमधील शाई

४ फेब्रुवारी
वैजयंती प्रभाकर ताकसांडे, तुझे कपाट रिकामे करावयाचे आहे. तुला जाऊन सहा महिने झाले. महाविद्यालयाने एवढा धीर धरला हेच त्यांच्या मते पुष्कळ. विभागप्रमुख वाघाडे यांचा दूरध्वनी. तुझ्या अंदमानच्या गोगलगायी, एकोणीस सुट्ट्यांचे काम, बाहेरच्या एका संग्रहालयास द्यावयाच्या. "नाव म्याडमचंच राहीन, काकाजी." मी तुझा बाप आहे, त्यांचा काकाजी नव्हे.

६ फेब्रुवारी
सकाळच्या एस.टी.ने यवतमाळ. वाघाडे यांनी गोगलगायीची एक बाटली उजेडात धरली. मग दुसरी, तिसरी. "काकाजी, चिठ्ठ्या कोऱ्या हायेत."
बेट, तारीख, झाड, जमिनीपासूनची उंची. सर्व मी दिवाळीनंतर येथे बसून स्वच्छ अक्षरात लिहून प्रत्येक बाटलीत घातले होते.
"कोन्त्या बेटावरची ते माहीत नसन, तं ते नुसता शंख होय. संग्रहालय घेत नाही."
म्हणालो, चिठ्ठ्या बदलणारा तोच, ज्याच्याकडे किल्ली आहे.
"किल्ली तुमच्यापाशी बी हाये."
उद्धट मनुष्य.

७ फेब्रुवारी
प्राचार्यांना तक्रारअर्ज लिहिला. दोन पाने. "हेतुपुरस्सर" हा शब्द तीनदा आला, एक खोडला.

८ फेब्रुवारी
प्रयोगशाळेतील अकबरभाई घरी आले. टेबलावरील माझा शाईचा पेन पाहिला आणि उभेच राहिले.
"सर, चिठ्ठ्या ह्या पेननं लिहिल्या का? स्पिरिटात शाई टिकते का जी? म्याडम पेन्सिलनंच लिहेत. माह्या खिशात पेन दिसला तं मले बाहेर काढेत."
पेन्सिलीचे अक्षर फिके, गबाळे वाटले होते. कार्यालयात पस्तीस वर्षे माझ्या अक्षराचे...
"जुन्या चिठ्ठ्या कुठं हायेत?"
जाळल्या. मी.
ते चहा न घेता गेले. अर्ज फाडलेला नाही. खणात आहे.

१० फेब्रुवारी
वाघाडे यांचा पुन्हा दूरध्वनी. अकबरभाईंनी सांगितलेले दिसते. आवाजात दया होती, ती अधिक असह्य. म्हणतात, तुझ्या वह्यांत प्रत्येक शंखाचे माप व ठिकाण आहे. एकेक मोजून जुळविता येईल. "सगळे नाही जुळनार. वरीस तरी जाईन."
याच वह्या त्यांनी तेराव्या दिवशी मागितल्या होत्या. दोनदा नकार दिला. तुझे न छापलेले सारे त्यांत आहे आणि हा गृहस्थ त्यावर स्वतःचे नाव घालील. आजही माझे मत तेच. परंतु वह्या घरी ठेवल्या तर तुझ्या गोगलगायी कोठल्याच नाहीत.

११ फेब्रुवारी
सातही वह्यांच्या प्रत्येक पानावर तुझे पूर्ण नाव लिहिले. पेन्सिलीने. बोटे आखडली आहेत.

१२ फेब्रुवारी
वह्या तुझ्या कपाटात ठेवल्या. पहिल्या बाटलीत एक चिठ्ठी घातली: मूळ चिठ्ठ्या नष्ट केल्या, प्र. ताकसांडे. हीही पेन्सिलीने. अकबरभाईंनी झाकण घट्ट केले.
वाघाडे दारात होते. "बसा, काकाजी." बसलो नाही. क्षमा मागितली नाही. त्यांनी वह्यांना हात लावला नाही, निदान माझ्यासमोर तरी.
खोलीचे दार मीच लावले, कुलूप ओढून पाहिले. तुझ्याकडील दोन्ही किल्ल्या त्यांना परत केल्या.