रिंगखालची जागा

सर,

गेल्या खंडेनवमीला बास्केटच्या खांबावर माझ्याकडच्या एका पोराची उंचीची रेघ आदल्या वर्षीच्याच रेघेवर पडली. मी पट्टी डोक्यावर पुन्हा नीट आडवी धरली, टाचा टेकव म्हणालो, मान सरळ कर म्हणालो, पण रेघ काही वर सरकेना. रंगाचा ब्रश हातात घेऊन मी नुसता उभा, आणि बाकीची पोरं नारळ कधी फुटतोय म्हणून खोळंबलेली. शेवटी तोच म्हणाला, "काका, ऱ्हाऊ द्या आता. वाढलो असतो तर पँट आखूड झाली असती की." पोरं हसली, मलाही हसावं लागलं. ब्रश तसाच हातात घेऊन घरी आलो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अशा वेळी अजून वाटतं की चप्पल पायात सरकवावी आणि तुमच्याकडे जाऊन विचारावं.

रीत तुमचीच. तुम्ही मशीनशॉपचे फोरमन. खंडेनवमीला कंपनीत मशीनला हार घालून, पेढे वाटून झाले की संध्याकाळी तुम्ही वसाहतीच्या मैदानात यायचात, बास्केटच्या खांबाला हळदकुंकू लावायचात, चेंडूपुढे उदबत्ती. मग आम्हा पोरांना एकेक करून खांबाला टेकवायचं आणि ऑइल पेंटनं रेघ मारायची. ज्याची रेघ सगळ्यांत वर त्यानं नारळ फोडायचा आणि वर्षभर रिंगखाली उभं राहायचं. मशीनवर माणूस नेमावा तसा तुम्ही खेळाडू नेमायचात आणि पुढच्या खंडेनवमीपर्यंत त्यात बदल नाही. "लेथवाल्यानं ड्रिलला हात लावला की दोन्ही कामं बिघडतात," हे तुमचं ठरलेलं वाक्य. चेंडू टप्पे देत वर आणायचा तो बुटक्यांनी, लांबून टाकायचा तो मधल्यांनी. रिंगखाली मी, माझ्याकडे आला की हात वर ठेवूनच रिंगमध्ये सोडायचा. बचावाला त्यांचा सगळ्यांत उंच तो माझा, पण रिंगसमोरची जागा सोडून मी त्याच्याही मागे जायचं नाही.

मी तेव्हा चौदाचा. वडील गाव सोडून कामाला आलेले, दोन खोल्यांचं घर, आणि माझं डोकं प्रत्येक चौकटीला आपटायचं. उंचीची मला लाज वाटायची सर, खरंच लाज. पाठीत वाकून चालायचो. तुम्ही पहिल्याच दिवशी पाठीत धपाटा घातलात, "देवानं वर दिलंय ते खाली कशाला आणतोस?" त्या एका वाक्यावर मी पुढची चार वर्षं जगलो. खेळ संपला की तुमच्या घरी. काकूंच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलोय, गुडघे छातीला लागलेत, समोर अंडी आणि भाकरी, आणि काकू म्हणतायत, "तुझी भूक पोटात आहे का नडगीत रे? भरतच नाही." तुम्ही माझ्या ताटाशेजारी शेंगदाणे मांडताय. हा तू, हा त्यांचा उंच, हे बाकीचे. माझा शेंगदाणा मी जरा पुढे सरकवला की हातावर चापट. "तू हलायचं नाही. बाकीचे हलतील."

एकदा मात्र मी हललो होतो. शेजारच्या वसाहतीशी सामना होता. चेंडू हातात आला आणि पुढे सगळं रान मोकळं. का कोण जाणे, मी टप्पे देत सुटलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि बास्केट केली. पोरांनी मैदान डोक्यावर घेतलं. तुम्ही मला बाहेर बोलावलंत. मी म्हणालो, "सर, झाली की बास्केट." तुम्ही म्हणालात, "झाली. आणि हुकली असती तर? मागं रिंगखाली कोण होतं, तुझा आजा?" मी बाकावर बसलो. तळहाताला चेंडूचा तो दणका अजून लागत होता. तसा मी पुन्हा पळालो नाही.

सोळाव्या वर्षी माझी वाढ थांबली. ज्यांना मी खांद्याखाली बघायचो ती पोरं दोन वर्षांत माझ्या डोळ्याला डोळा भिडवायला लागली, काही वर गेली. नारळ दुसऱ्यानं फोडला तरी तुम्ही मला रिंगखालीच ठेवलंत. जिल्ह्याच्या निवडीला नेलंत तेव्हा निवडणारे माझ्यासमोरच तुम्हाला म्हणाले, "रिंगखाली सेंटरला हा आखूड पडतो, आणि बाहेर खेळायला याला हात नाहीत." तुम्ही सायकलचं कुलूप काढलंत. येताना तुमच्या सायकलवर मी मागे बसलो होतो, तुमची पाठ घामानं भिजलेली, आणि चिंचवडपर्यंत आपल्यात एक शब्द नाही. पुढं तुमच्याच शब्दावर मला कंपनीत घेतलं. धाकटा भाऊ शिकला, घर झालं. ज्या हातानं भरवलं त्या हाताला काय विचारायचं? म्हणून विचारलं नाही. तुम्ही गेलात तेव्हाही खांदा द्यायला मी पुढं होतो, आणि लोक म्हणाले, पोटच्या पोरासारखं वाढवलंय याला. खरंच होतं ते.

आता या पोराचं. निवृत्त झाल्यावर मी पिंपरीत घराजवळच्या मैदानावर पोरं गोळा करायला लागलो. शिकून घेतलेलं काही नाही, बघून, विचारून, चुकून जे आलं ते. पोरं सर म्हणायला लागली तेव्हा मी म्हणालो, सर एकच होते, मला काका म्हणा. हा चाकणजवळच्या निघोज्याचा. बाप पहिल्या पाळीवरून सुटला की मोटारसायकलवर त्याला घेऊन यायचा, शेतातलं काम भावावर टाकून. चौदाव्या वर्षी त्याची रेघ बाकीच्यांच्या वीतभर वर पडली. त्यानं नारळ फोडला आणि मी बोटानं रिंग दाखवली.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, पिंपळे सौदागरला राहते, आयटीत नोकरी करते, शनिवारी पोरांना शिकवायला येते. ती पहिल्या वर्षापासून मागे लागली होती. "काका, लवकर वाढलेलं पोर लवकर थांबतंसुद्धा. आत्तापासून त्याला चेंडू घेऊन पळू द्या. बचावाला बाहेरच्या चपळ पोराला धरायला लावा, पाय तरी सुटतील. कुठल्या जागेचा ते मागाहून ठरवू."

मी म्हणालो, "अगं, घरात गाय असताना दूध विकत कशाला आणू?"

"गाय नाही काका, खांब केलाय तुम्ही त्याचा."

मी हसण्यावारी नेलं. सगळ्या जगात हे मला कळायला हवं होतं, मला! पण सासुरवास सोसलेली बाई सासू झाली की तेच करते म्हणतात, त्यातलं झालं. आणि खरं तर सोपं होतं हो. तो रिंगखाली असला की आम्ही जिंकायचो. जिंकल्यावर कोण बदलतो?

मग एका मोठ्या सोसायटीच्या पोरांशी सामना पडला. त्यांचा उंच पोरगा आत येईचना. लांब, तीन गुणांच्या रेघेबाहेर उभा राहून तो निवांत चेंडू टाकत होता, आणि पडत होते. आमचा पोरगा माझ्याकडे बघतोय, जाऊ का म्हणून. मी ओरडतोय, "जागा सोडू नको!" त्यानं सोडली नाही. त्याचा बाप जाळीला धरून उभा होता. तो म्हणाला, "आवं काका, त्यो तिथनं टाकतोय, आन ह्यो हितं देवळातल्या नंदीवानी उभा. ह्यानं करायचं काय?" मी त्याच्यावरच डाफरलो, "तुम्हाला खेळातलं कळतं का?" त्यानं जाळी सोडली. घरी जाताना मला नमस्कार करून गेला.

रेघ थांबल्यावर, दिवाळीनंतर, निवड झाली. आता कोणी तोंडावर बोलत नाही. उंच पोरांना बाहेर उभं करतात, समोर चपळ पोरगा देतात आणि बघतात. याचे पाय एकमेकांत अडकले. समोरचा त्याच्या बगलेतून निघून गेला, पुन्हा गेला. परत आल्यावर बाटली रिकामी करून तो म्हणाला, "काका, मी नक्की कुठला?"

मी म्हणालो, "तुला कुठं खेळायला आवडेल?" सर, चार वर्षांत हे मी त्याला पहिल्यांदा विचारत होतो.

तो लाजला. "चेंडू घिऊन यायला आवडंल. घरामागं खळ्यात एकटाच खेळायचो ना मी, तवा तसंच खेळायचो. हितं आल्यावं सोडलं."

दुसऱ्या दिवशी मी त्याला टप्पे शिकायला बारक्या पोरांच्या रांगेत उभं केलं. एवढा मोठा तो, कमरेत वाकलेला, चेंडू त्याच्या गुडघ्याला लागून पळायचा आणि चौथी-पाचवीतली पोरं तो पळवून खिदळायची, "दादा, चेंडूकडं नको बघू, आमच्याकडं बघ!" तोही हसायचा. बारावीच्या परीक्षेपर्यंत आला. मग येईना. बापाला फोन केला तर म्हणाला, "अठरा झाली, चाकणला चिकटला कंपनीत. पाळ्या हायेत, जमत न्हाई. न्हाई वो काका, तुमच्यावं राग कशाचा? लई केलं तुमी त्याच्यासाठी."

मी फोन ठेवला. तुमच्याबद्दल मी आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो.

आता मैदानावर जागा नेमून देणं मी बंद केलंय. उंच असो बुटका असो, चेंडू सगळ्यांनी आणायचा, बाहेर सगळ्यांनी धरायचं, दर सामन्याला समोरचा गडी बदलायचा. हल्ली हरतो आम्ही बऱ्याचदा. माझी विद्यार्थिनी म्हणते, हरू द्या. पोरांच्या डोक्याकडे नका बघू, पायांकडे बघा. मी बघतो. पण ज्याच्यासाठी बघायला हवं होतं तो आता पाळीवर असतो.

तुम्हाला जाब विचारावा म्हणून लिहायला बसलो होतो. ते जमलं नाही, आणि आता विचारायचंही नाही. तुम्हालाही कुणीतरी असंच एका मशीनवर उभं केलं असेल. कागद भरला आणि लक्षात आलं, यातला निम्मा मजकूर तुमच्यासाठी नाहीच. "चूक तुझ्या पायांची नव्हती" हे त्या पोराला सांगायला हवं. निघोज्याला बस जाते, त्याचं घर मला माहीत आहे, आठवड्याची सुट्टीही त्याला असते. गेलेलो नाही. तुम्हाला लिहिणं सोपं आहे सर, तुम्ही उलटून काही विचारणार नाही. तो विचारेल.