बोंडाचा झेंडा

कराची, १९३८

प्रिय नामाभाऊ,

तुला जाऊन वर्ष होत आलं. पत्र लिहायची मला सवय नाही. चौथीच्या पुढं शाळेनं मला ठेवलं नाही, मीही थांबलो नाही. पण काल टीमचे कपडे शिवणाऱ्या गजानन शिंप्याचं कार्ड अमरावतीहून इथं कराचीला पोचलं. कॉलेजच्या हॉकी टीमचा झेंडा बदलायचा म्हणतात. लिहितो, "नामाभाऊचं बोंड ठेवाचं का वाघ घ्याचा? तू त्याचा भाऊ. तू सांगशीन तसं करू." आता मी काय सांगू? म्हणून तुलाच लिहून राहिलो.

आपण दोघं कॉलेजात कधी शिकलो? मैदानाच्या फाटकाशी भाजी अन् फुलं विकायची, खेळ सुरू झाला की टोपली झाकून आत घुसायचं. तरी पोरं आपल्याला टीमचेच धरत, अन् झेंड्यावरून त्यांच्याशी तूच भांडत होतास.

पोरांना मेळघाटचा वाघ पाहिजे होता. तू म्हणालास, "वाघ तुया बापानं पेरला होता काय? आमी कापूस पेरतो. बोंडच पाहिजे."

"बोंडाले कोण भेईन, नामाभाऊ?" गजानन म्हणाला.

"भेव दाखवाले जातो काय आपण? खेळाले जातो."

शेवटी आपल्याच मालावर मतं घेतली. बोंडाला झेंडूचं फूल, वाघाला मिरची. टोपल्यात फुलं जास्त निघाली. त्यातली एक मिरची माझी होती. का टाकली? घरीही तुझंच खरं, बाहेरही तुझंच, म्हणून असेल.

झेंडा तू स्वतः रंगवलास. रंगारी करून देतो म्हणत होता, त्याला हात लावू दिला नाहीस. मधे पांढरं बोंड, भोवती हिरवी पानं. जवळून बरा दिसे. अकोल्याच्या मैदानात बांबूवर चढला, तेव्हा गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "फुलगोबी कितीले देली?"

सारं मैदान हसलं. अकोलेवाले खेळ संपेस्तोवर भाव विचारत होते. तू झेंडा उतरवला नाहीस. मान ताठ करून बांबू धरून उभा राहिलास.

परतताना गाडीत, बडनेरा यायच्या जरा आधी, एवढंच म्हणालास, "अकोल्याचे लोक वावरात जात नाईत काय रे? बोंड ओळखू येत नाई त्याईले?"

तो पहिला आवाज माझा होता, भाऊ.

पंधरा दिवसांत मी घर सोडलं. कराचीच्या गोदीत मजुरी चांगली आहे, असं सगळ्यांना सांगितलं. तुला खरंच आवाज ओळखू आला नव्हता? सख्ख्या भावाचा? एकदा रागावून विचारायचं तरी होतंस. पुढं तू तापानं गेलास, अन् विचारणारं कोणी उरलं नाही.

इथं जहाजांवर तऱ्हेतऱ्हेचे झेंडे येतात. काहींवरची चित्रं तुझ्या बोंडाहून वाईट असतात. पण खरं सांगतो, लांबून ती गोबीच दिसत होती.

गजाननला "बोंड ठेवा" असं मी लिहिणार नाही. मेलेल्या माणसाची भीड म्हणून ठेवलेला झेंडा तुला चालला असता काय? पुन्हा मतं घ्या, मी येईस्तोवर थांबा, एवढं कळवतो.

दिवाळीला येतो. अकोल्यात कोण ओरडलं होतं, ते आधी सगळ्यांसमोर सांगीन. मग बोंडाच्या बाजूनं भांडीन. तुझ्याइतकं बोलता येणार नाही. वाघ जिंकला तर जिंकला.

तुझा धाकटा,
शंकर